फूलवाल्याचं नाव आलं

लाल पेन फिरलं आणि माझ्या बापाचं नाव गेलं.

"वाजंत्री कलावंतांत धरत नाहीत गं," नाना म्हणाले. "'मंगलवाद्यांच्या सुरात प्रारंभ झाला', एवढं पुरे."

नाना म्हणजे धारच्या आमच्या छोट्याशा सामुदायिक रेडिओचे कर्तेधर्ते. निवृत्त प्राचार्य. पूर्वज दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते, हे ते चहाबरोबर सांगतात. माझेही पूर्वज दरबारात होते. म्हणजे दरवाजावर. सनई फुंकत.

दर रविवारी सकाळी मराठी कलावार्ता मी वाचते. आवाज माझा फर्मास आहे. हे मीच सांगते, कारण नाना सांगत नाहीत. नकलाही करते, नालछ्याच्या बाजारातल्या भाजीवालीपासून थेट नानांपर्यंत. आणि त्या दिवशी मी काय केलं? हसले. "बरोबर आहे, नाना," म्हटलं. खोडलेला कागद हातात घेऊन हसले. त्याची लाज अजून जात नाही.

बातमी होती गणेशोत्सवातल्या मैफलीची. बाबांनी आणि काकांनी मंडपाच्या फाटकाशी दीड तास सनई-चौघडा वाजवला. गवईबुवा आले तशी कुणीतरी हातानं थांबायची खूण केली. बस. रीतच आहे ती. वाजवायचं, थांबायचं, आत यायचं नाही. पंगती उठल्या की पायरीवर जेवायचं. लहानपणी मीही त्या पायरीवर जेवले आहे. श्रीखंड गोड लागायचं. तेच तर वाईट.

माइकवर मी यादी वाचली. गायन, अमुक बुवा. तबला. पेटी. तानपुऱ्यावर नानांची भाची. ध्वनिव्यवस्था. पुष्पसजावट. सगळे नावानिशी, ठणठणीत आवाजात.

घरी आले. बाबा धुतलेला सदरा घालून रेडिओजवळ बसलेले. नाव येणार म्हणून शेजारच्या चौघांना बोलावलं होतं. ते चहा पिऊन निघून गेले होते. कप तसेच.

बाबा म्हणाले, "फूलवाल्याचं आलं गं."

एवढंच. मी जगाच्या नकला करते. त्या वाक्याची नक्कल मला आजवर करता आलेली नाही.

पुढचा रविवार. काचेपलीकडे मशीनवर मकसूदभिया, शेजारी नाना. मी नानांचा कागद बाजूला सारला आणि माइकवर बोलले, "मागच्या रविवारी मी अर्धी बातमी वाचली. नावं विसरले नव्हते. खोडली होती, आणि मी मुकाट्यानं वाचलं. आता पुरी ऐका. सनई, बळीरामबुवा. चौघडा, किसनबुवा. बळीरामबुवा माझे वडील."

नाना उठले. तोंड हलतंय, हात हलतायत, शाल पडलीय. आवाज मात्र नाही. नाना बोलत होते आणि गावाला ऐकू मी जात होते. मकसूदभियानं माझा आवाज बंद करायचं बटण खाली ओढलं नाही.

बाहेर आले तेव्हा तो हळूच म्हणाला, "ताई, नाना बुला रिये हैं. डरना मती."

नानांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. क्षमायाचना. माझ्या नावानं. "बुवा ही पदवी आहे. गळ्याच्या साधनेनं मिळते. पेढ्यासारखी वाटायची नसते. पुढच्या रविवारी हे वाचायचं, नाहीतर येऊ नकोस."

"सनई फुंकणाऱ्या छातीच्या साधनेनं का मिळू नये, नाना?" मी म्हटलं. "पण माफी मागायला हवी, हे खरं. तुम्ही मागा. माइक मी उघडते."

कागद तिथेच ठेवला.

परवा रविवार. मी जाणार आहे. हे काम गेलं तर जाईल. मग कुठल्याही मंडपाच्या फाटकात उभी राहून वाचीन. पण वाजवणाऱ्याचं नाव गाळलेली बातमी माझ्या तोंडून पुन्हा निघणार नाही.