साहेबांचं मनगट

रोज सकाळी प्रयोगशाळेचं कुलूप उघडण्याआधी साहेब दाराकडं तोंड करून उभे राहायचे, दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पुढं करायचे आणि मनगटातून पंजे वर उचलायचे. जणू समोरून एसटी येतेय आणि हे तिला थांबवतायत. मग ओठातल्या ओठात कानडीत मोजायचे. ओंदु, एरडु, मूरु... मोजून झालं की हात खाली, खिशातून किल्ली, आणि दार उघडं.

आमच्या साखर कारखान्यात या प्रकाराविषयी बरीच मतं होती. गेटवरचा वॉचमन म्हणायचा, योगासन आहे. वजनकाट्यावरची मंडळी म्हणायची, साहेब निलंग्याकडचे, लिंगायत, त्यांच्यात असा काही नेम असेल. मी अहमदपूरहून ताजा बी.एस्सी. होऊन आलेलो, त्यामुळं मला जगातलं सगळंच माहीत होतं. मी सांगून टाकलं की हा पाठदुखीवरचा व्यायाम आहे. आणि दुपारी कँटीनमध्ये त्याची हुबेहूब नक्कलही करून दाखवायला लागलो. तुम्हीही एखाद्या साहेबाची नक्कल केलीच असेल. केली नसेल, तर बहुधा तुम्हीच साहेब असाल.

साहेब म्हणजे आमचे चीफ केमिस्ट. उंच, वाळलेले, पांढऱ्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. पांढऱ्या भुकटीला त्यांनी आयुष्यात दोनच जागा दिल्या होत्या. एक कपाळावर, आणि दुसरी कपाटात, कुलपाच्या आत.

त्या कुलपातल्या भुकटीमुळंच हे सगळं सांगायचंय. उसाच्या रसात साखर किती, हे बघायचं तर रस आधी नितळ करावा लागतो. गढूळ रसातून यंत्राला काही दिसत नाही. म्हणून नमुन्यात चमचाभर भुकटी टाकायची, हलवायचं, आणि गाळणकागदातून गाळायचं. वर चिखल राहतो आणि खाली काचेसारखा सोनेरी रस थेंबथेंब उतरतो. ही भुकटी म्हणजे शिशाचा क्षार. आम्ही तिला नुसतं 'लेड' म्हणायचो. अस्सल विष. एकदम मारत नाही. नखातून, नाकातून, तोंडातून थोडं थोडं आत जातं आणि हाडात बिऱ्हाड करून राहतं. आणि चवीला गोड.

"गोड हाय म्हणूनच भ्यायचं," साहेब म्हणायचे. "कडू असतं तर मला सांगायची पाळीच आली नसती, तम्मा. तुझ्या जिभेनंच सांगितलं असतं."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. ते प्रेमात आले की मला तम्मा म्हणायचे, आणि घाबरले की सुद्धा. दोन्हींतला फरक मला बरेच दिवस कळला नाही.

घाबरायचे मात्र ते सतत. लेड मापताना पंखा बंद. मार्च महिन्यात, लातूरच्या उन्हात, पत्र्याखाली. तोंडाला मास्क, हातात मोजे. टेबलावर भुकटी सांडली तर झाडायची नाही, ओल्या फडक्यानं टिपायची. प्रयोगशाळेत चहा नाही, सुपारी नाही, पाण्याची बाटलीसुद्धा दाराबाहेर. कोट घरी न्यायचा नाही. "पोरं बापाच्या कोटाला झोंबतेत," ते म्हणायचे. "अन् लेड सगळ्यात आधी पोरालाच धरतंय." उरलेलं लेड नालीत टाकायचं नाही, लाल रंगाच्या पिंपात जमा करायचं, कारण ती नाली पुढं उसाच्याच फडात जाते. बाहेर पडताना ते दारात उभे राहून प्रत्येकाचे हात बघायचे, प्राथमिक शाळेतल्या बाईंसारखे. "दाखव. उलटे कर. नखं."

मी रुजू झालो त्याच आठवड्यात टेबलावर सांडलेली भुकटी ऐटीत फुंकर मारून उडवली. साहेबांनी मला दंडाला धरून बाहेर नेलं, नळाखाली तोंड धुवायला लावलं, आणि मी धूत असताना शेजारी उभे राहिले. रागावले नाहीत. "अजून एकदा धू, तम्मा," एवढंच म्हणत राहिले. मी मात्र कँटीनमध्ये सांगितलं, "भुकटी मी फुंकली अन् उडाले साहेब." त्यावर खूप हशा झाला. माझे बरेच विनोद त्यावेळी असेच चालायचे.

मग मुरुडहून मला बघायला पाव्हणे आले.

मुलीचे वडील आणि काका. रीत अशी की मुलगा कामावर कसा दिसतो ते न सांगता येऊन बघायचं. आता कारखान्यावर आलेल्या माणसाला रस पाजल्याशिवाय परत पाठवत नाहीत. पण गिरणीवरचा रस म्हणजे हिरवट, फेसाळ, वर चिपाडं तरंगणारा. होणाऱ्या सासऱ्याला तो कसा द्यायचा? तेवढ्यात माझी नजर टेबलावर गेली. सकाळपाळीच्या केमिस्टनं गाळून ठेवलेला रस ओळीनं मांडलेला. मधासारखा रंग, आरपार दिसणारा. माझं शास्त्र असं होतं की लेड वर चिखलात अडकतं आणि खाली उतरतो तो शुद्ध रस. या शास्त्रावर मला बी.एस्सी.ला फर्स्ट क्लास मिळाला होता.

कँटीनमधून स्टीलचे पेले आणले, भरले, आणि बाहेरच्या बाकावर ताटात ठेवून समोर धरले.

"आसला रस आमी जन्मात बघितला न्हाई," सासरे पेला उजेडात धरून म्हणाले. त्यांच्या धोतरापेक्षा रस स्वच्छ होता. "पण आधी तुमी घ्या. यजमानानं आधी घ्यावं."

मी ऐटीत मोठा घोट घेतला. गोडी जरा जास्तच होती, आणि मागून जिभेला लोखंड चाटल्यासारखं काहीतरी.

तेवढ्यात साहेब कोपऱ्यावरून आले. ओरडले नाहीत. सरळ चालत आले आणि हाताच्या एका फटक्यात ताट उडवलं. सासऱ्यांच्या हातातला पेलाही त्यातच गेला. सोनेरी रस त्या धोतरावर पसरला.

"हे काय वागणं झालं व्हय साहेब?" सासरे उठून उभे राहिले. "रस पाजायचा नसंल तर तसं सांगायचं. मानसासारखं."

साहेबांनी ते ऐकलंच नाही. "कुणाच्या तोंडात गेला?" त्यांनी विचारलं. "ते सांगा आधी. कुणाच्या तोंडात गेला?"

पाव्हण्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. दोघांनी एकदम. त्या लग्नात आमच्या दोन्ही घरांचं एकमत झालं ते एवढ्या एका गोष्टीवर.

साहेबांच्या चेहऱ्यावरचं रक्त माझ्या डोळ्यांदेखत उतरलं. मग माझी पाळी. आपण काय प्यालो ते आता कुठं माझ्या ध्यानात आलं आणि मी घाईघाईनं बोट घशात घालायला गेलो. साहेबांनी मनगट पकडलं.

"अरे, सकाळपासून लेडच्या टेबलावर फिरलेलं बोट तेच तोंडात घालायलास? उलटी काढायची न्हाई. चूळ भर, हात धू, अन् जीपमदी बस."

लातूरला पोचेपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. रस्त्यात मधूनच म्हणायचे, "पंजा वर कर. धर तसाच." मी धरायचो. "बरं, घे खाली." थोड्या वेळानं पुन्हा, "वर कर." तेव्हा मला हळूहळू कळायला लागलं की मी कँटीनमध्ये कशाची नक्कल करत होतो.

दवाखान्याच्या बाकावर त्यांनी सांगितलं. त्यांना हे काम शिकवणारा एक उस्ताद होता. त्या काळी सगळेच लेडचं पाणी मापायची काचेची नळी तोंडात धरून ओढायचे, अंगठा लावून बाटली हलवायचे आणि त्याच अंगठ्यानं तंबाखू मळायचे. उस्तादाचं आधी पोट दुखायचं. मग तो विसरायला लागला. मग एका हंगामात फोन घ्यायला त्यानं हात उचलला तर हात आला, पंजा आलाच नाही.

"ओल्या टॉवेलासारखा लोंबायला लागला," साहेब म्हणाले. "दुसऱ्या हातानं उचलून टेबलावर ठेवायचा. सामान ठेवावं तसं." मग स्वतःच्या मनगटाकडं बघत, "मी बी तशीच नळी ओढलीय, तम्मा. लई वर्सं."

डॉक्टरांनी मला रात्रभर ठेवून घेतलं. रक्त काढलं. ते हैदराबादला जाणार, उत्तर यायला आठवडा लागणार. नर्स सामान आवरायला लागली तेव्हा साहेबांनी बाही वर केली. अर्धी करून थांबले. पुन्हा खाली केली. मग म्हणाले, "माझं बी घ्या. ह्याला सोबत म्हणून."

मला वाटलं, काय माणूस आहे. नंतर कळलं की हंगाम संपला की साहेब सगळ्यांचं रक्त आग्रहानं तपासून घ्यायचे, आणि स्वतःची पाळी आली की नेमकं त्यांना गिरणीवर काम निघायचं. आम्हा सगळ्यांना घाबरवणारा माणूस एका सुईला घाबरत होता. सुईला नाही, सुईनंतर येणाऱ्या आकड्याला. निरोपासाठी त्यांनी माझाच नंबर दिला. "माझ्या फोनवर नगं."

तो आठवडा मी कसा काढला म्हणून सांगू. पोटात दुखलं की वाटायचं, झालं. आदल्या दिवशी प्लेटभर मिरची भजी खाल्ली होती हे आठवायचंच नाही. मोबाइलवर वाचलं होतं की शिशानं हिरडीवर निळी रेघ येते. आरशात बघितलं तर निळी रेघ. बराच वेळ घासल्यावर कळलं, मला बॉलपेन चावायची सवय आहे. मुरुडहूनही फोन यायचे. "पाव्हणं, आला का रिपोर्ट?" लोक मुलगी देताना शेती बघतात, पगार बघतात. माझं रक्त बघायला लागले होते.

सकाळी मात्र आम्ही दोघं दारासमोर उभे राहायचो, हात पुढं, पंजे वर. लोक जाता जाता हसायचे. मला हसू येत नव्हतं. साहेब मोजायचे आणि मी त्यांच्या आवाजाला धरून उभा राहायचो.

उत्तर एका दुपारी डॉक्टरांच्या फोनवरून आलं. माझ्या रक्तात थोडं जास्त, पण डॉक्टर म्हणाले, लेडपासून लांब राहा, महिन्यानं परत तपासू, घाबरायचं कारण नाही. मग त्यांचा आवाज बदलला. "तुमच्या साहेबांना उद्याच घेऊन या. टाळू नका."

साहेब आत लेड मापत होते. पंखा बंद, कपाळावरची विभूती घामानं ओघळलेली. माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "तुझं काय?"

"ठीक हाय साहेब."

"बास." चमचा पुन्हा बाटलीत गेला. "माझं सांगू नगं."

मी तिथंच उभा राहिलो. जन्मभर नको तिथं बडबड केली, आणि त्या वेळी एक साधं खोटं जिभेवर येईना. साहेबांनी मान वर केली, मला नीट बघितलं.

"तुझं तोंड म्हंजे गाळणकागद हाय, तम्मा," ते म्हणाले. "सगळं खाली उतरतंय."

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. मोजे काढले. नळावर साबण लावून हात धुतले, खूप वेळ, एकेक बोट, एकेक नख. मग पुसले, आणि माझ्यासमोर दोन्ही हात पुढं करून पंजे वर उचलले. मोजलं नाही.

"बघ," म्हणाले, "दोनी सारखेच हायती का? मला नीट दिसंना."

उजवा पंजा डाव्यापेक्षा किंचित खाली होता. किंवा मला तसं वाटलं. त्या दिवसांत मला पेनाची शाईसुद्धा मरण वाटत होती, माझ्या डोळ्यांचा भरवसा काय धरायचा.

"सारखेच हायती साहेब," मी म्हणालो.

पुढं औषधं झाली, दवाखाना झाला, लेडचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं. नंतरच्या हंगामात कारखान्यानं शिसं नसलेली दुसरी भुकटी आणली. तरी निवृत्त होईपर्यंत साहेब दारात उभे राहून आमची नखं बघत राहिले. माझं लग्न त्याच मुलीशी झालं. सासरे अजून माझ्या घरी काहीही, अगदी पाणीसुद्धा, मी आधी प्यायल्याशिवाय पीत नाहीत.

शेवटचं भेटलो ते निलंग्यात. बायको, मुलगी, मी. साहेब ओट्यावर बसलेले, हात मांडीवर ठेवून. बायकोनं लेक त्यांच्याकडं पुढं केली तर मागं सरकले. "ऱ्हाऊ दे गं माय. खाली बसव तिला." हातांची अजून भीती वाटत होती म्हणून, की हात तिला पेलणार नाहीत म्हणून, मी विचारलं नाही. मला तेवढंच विचारलं, "कोट घरी नेत न्हाईस ना?"

"न्हाई साहेब."

नको म्हटलं तरी एसटी स्टँडवर सोडायला आले. गाडी हलली तेव्हा त्यांनी उजवा हात पुढं केला आणि पंजा वर उचलला, रोज सकाळी दारासमोर उचलायचे तसा. मला वाटलं, ओठ हलतायत.

"म्हातारबा गाडी थांबवायलेत का?" कंडक्टरनं विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो. "टाटा करायलेत."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत नव्हतो. मनगटाकडं बघत होतो. ते ताठ होतं. मीही मनात मोजत होतो, ओंदु, एरडु, मूरु, तेवढ्यात गाडी वळली आणि मध्ये दुसरी एसटी आली. हात त्यांनी खाली घेतला, की तो आपोआप खाली आला, ते मला दिसलं नाही.