लांब झग्यातले डॉक्टर

अख्ख्या सदाशिव पेठेत न्हाव्याला ‘सर्जन’ म्हणणारे एकच गृहस्थ असतील, आणि ते माझ्या ताईचे सासरे आहेत. जन्मभर त्यांनी ऑपरेशनं केली. मग उजवा हात थरथरायला लागला आणि त्यांनी एका दिवसात ती बंद केली. त्या हाताबद्दल घरात कुणी चकार शब्द काढायचा नाही. रोज दाढीला ते रफीकभाईंच्या सलूनमध्ये जातात, तेसुद्धा ‘इतिहासाच्या आदरापोटी’. आम्ही माना डोलावतो.

हा इतिहास युरोपातला, पाचेकशे वर्षांपूर्वीचा. तेव्हा तिकडे हातपाय कापायचे ते न्हाव्यांनी. बंदुकीच्या जखमेत उकळतं तेल ओतायचे. एका लढाईत तेल संपलं म्हणून एका न्हाव्याने अंड्याचा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइन लावलं, तर सकाळी तेच सैनिक शांत झोपलेले! गालाला फेस लावून ते हे इतकं रंगवून सांगतात, की शेजारचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी उठून गेलेलं मी पाहिलंय. खरा राग मात्र त्या काळच्या विद्वान वैद्यांवर. “लांब झगा घालून लांब उभे राहायचे. पुस्तकात बघून हुकूम सोडायचे. रक्ताला हात न्हाव्याने लावायचा. यांना डॉक्टर म्हणायचं?”

गेल्या महिन्यात त्यांना न्यायला गेलो आणि सलूनच्या दाराच्या तडकलेल्या काचेने माझा तळहात चांगलाच कापला. ते फेसासकट, गळ्यातल्या पांढऱ्या कापडासकट धावले. माझा हात वर धरून जखम दाबली. रक्त थांबलं, पण रफीकभाईंनी दिलेल्या पट्टीचं टोक त्यांच्या बोटांत राहीना. दोनदा सुटलं. हात दुखत होता, पण त्याहून त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

“रफीकभाई, तुम्ही बांधा,” ते म्हणाले. “मी सांगतो. अंगठ्याखालून घ्या. अजून थोडी घट्ट.”

रफीकभाईंनी सुरेख बांधली. डॉक्टर खुर्चीत बसले आणि आरशात बघत पुटपुटले, “झालो शेवटी मीही लांब झग्यातला.”

रफीकभाईंनी त्यांच्या गळ्यातलं कापड सारखं केलं. “साहेब, त्या वैद्यांच्या झग्याला रक्त लागायचं का हो?”

कापडावर माझं रक्त होतं. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि उरलेल्या दाढीसाठी गाल पुढे केला. हल्ली हा वण कुणाचं काम म्हणून कुणी विचारलं, तर मी ‘दोन सर्जनचं’ असं सांगतो.