निकालीचा शिक्का

आमच्या उपनगराच्या मतदारसंघाने आजवर चार खासदार पाहिले. चौघांचीही पत्रं माझ्या आत्याने टाइप केली, आणि चौघांपैकी एकालाही तिचं आडनाव कधी नीट आठवलं नाही. "अहो बाई" म्हणायचे मेले.

पहिला वकील. तेव्हा इथे वीटभट्ट्या होत्या. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्याचं संपर्क कार्यालय उघडलं आणि आत्या तिथे कारकून म्हणून चिकटली. दुसरा सिमेंटचा घाऊक व्यापारी. तो निवडून आला नि मोठा रस्ता सहापदरी झाला, सिमेंटचा, अर्थातच! वस्ती अलीकडे, शाळा पलीकडे. तिसरी त्या वकिलाची सून. तिच्या वेळी मतदारसंघाची हद्द नव्याने आखली, रस्त्याची पलीकडची बाजू शेजारच्या खासदाराकडे गेली, आणि बाईसाहेबांनी हात झटकले, "अर्धा पूल मी कसा बांधू?" चौथा डॉक्टर. हसतो छान.

पायी जाणाऱ्यांसाठी एक पूल हवा, एवढंच वस्तीचं मागणं. दर वेळी अर्ज दिला, पोच मिळाली, क्रमांक मिळाला. पूल गेला खड्ड्यात. मी नऊ वर्षांची असताना आई त्याच रस्त्यावर ट्रकखाली गेली. मला शाळेतून न्यायला येत होती. मी फाटकात उभी होते, सगळं बघत. पुढे आत्यानेच मला वाढवलं.

तिच्या कार्यालयात एक रीत होती. खासदार पडला की निरोपाचा अहवाल लिहायचा, आणि त्यात एकही तक्रार शिल्लक दिसता कामा नये. म्हणून शेवटच्या आठवड्यात कपाट उघडून उरलेल्या प्रत्येक अर्जावर 'निकाली' असा शिक्का मारायचा. नव्या खासदाराची वही पुन्हा एकपासून सुरू. याची मला परवापर्यंत गंधवार्ता नव्हती.

परवा आत्या निवृत्त झाली. निरोप समारंभ पलीकडच्या शाळेत, कारण मोठं सभागृह तेवढंच. आम्ही दोघी जीव मुठीत धरून रस्ता ओलांडून गेलो. डॉक्टर गाडीने वळसा घालून आला. भाषणात म्हणाला, "बाईंच्या टेबलावर एकही अर्ज पडून राहिला नाही. शंभर टक्के निकाली!"

टाळ्या पडल्या. आत्या उठली. पर्समधून तिने दोन पिवळे पडलेले कागद काढून टेबलावर ठेवले. "हे पुलाचे अर्ज. काम झालेलं नाही. शिक्का मी मारला, खाली सही माझी आहे."

"बाई जरा भावुक झाल्यात," डॉक्टर हसत म्हणाला आणि लोकही हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तरातरा पुढे गेले, कागद उचलले, त्याच्या नाकासमोर धरणार होते. तेवढ्यात पहिल्या शिक्क्याखालची तारीख दिसली.

"आत्या, ही तारीख..."

"तुझी आई गेली त्याच्या दोन महिने आधीची. व्यापारी पडला तेव्हाची."

"आणि तू शिक्का मारलास?"

"सगळ्यांवर मारायचा होता. नोकरी होती गं."

"इतकी वर्षं माझी वेणी घालत होतीस, डबा भरत होतीस, आणि गप्प बसलीस?"

मला तिचा राग आला, असा राग की त्या चौघांचा कधी आला नव्हता. त्यांच्याकडून मी काही मागितलंच नव्हतं. ही माझी होती.

डॉक्टरची गाडी निघून गेली. आम्ही रस्त्याच्या कडेला येऊन उभ्या राहिलो, मध्ये दोन हातांचं अंतर ठेवून. ट्रकमागून ट्रक जात होते. लहानपणी करायची तसा आत्याने हात पुढे केला. मी घेतला नाही. तिने तो खाली घेतला आणि एकटीच रस्त्यात उतरली, साठीची बाई, गुडघे दुखरे. तिसऱ्या पट्ट्यात ती थबकली. समोरून ट्रक येत होता, भोंगा वाजवत.

मी धावले. तिचं मनगट करकचून धरलं, अजिबात माफ न करता, आणि ओरडले, "पळ, आत्या, पळ!"