फ्रॉकच्या कापडाची फ्रेम

अब्बांच्या दुकानाचा एक नियम होता. रिकामी फ्रेम दुकानाबाहेर जाऊ द्यायची नाही. लातुरात गोलाई बाजाराच्या मागे एका बोळात आमचं फोटो फ्रेमिंगचं दुकान होतं. देव, पुढारी, मक्का-मदिना, लग्नातली अवघडलेली जोडपी, सगळ्यांना अब्बा एकाच करवतीने मापात आणत. पण कुणी म्हणालं, "नुसती फ्रेम द्या, फोटो घरी घालतो," की अब्बा आत काहीतरी सरकवल्याशिवाय ती हातात देत नसत. जुन्या कॅलेंडरातला बर्फाचा डोंगर, नाहीतर गुलाबाचं फूल. मोकळ्या काचेत माणसाला आपलाच चेहरा दिसतो आणि आपलाच चेहरा फ्रेमीत बघणं बरं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आजोबांकडून आलं असावं. अम्मी म्हणायची, कॅलेंडरं संपवायचा बहाणा आहे, दुसरं काही नाही.

भूकंप झाला तेव्हा मी दुसरीत होते. आमच्या घराच्या एका भिंतीला तडा गेला, तेवढ्यावर निभावलं. औसा-निलंग्याकडची गावं मात्र दगडमातीखाली गेली. नंतर कितीतरी महिने त्या गावांतली माणसं दुकानात येत. कुणाकडे लग्नातला ग्रुप फोटो असे आणि त्यातल्या मागच्या रांगेतल्या एका डोक्यावर बोट ठेवून ते म्हणत, "ह्याचा करा मोठा." अब्बा तो शेजारच्या स्टुडिओतून मोठा करून आणत. मोठा केला की चेहरा धुरकट व्हायचा, नाक कुठे संपलं ते कळायचं नाही. तरी माणसं तो छातीशी धरून घेऊन जात. अब्बा त्या दिवसांत घरी फार कमी बोलत.

मावशी आली ती नुसतीच आली. निलंग्याच्या बाजूच्या एका गावातली शेतकरी बाई. ती आमच्या नात्यातली नाही, पण तेव्हापासून मी तिला मावशीच म्हणत आले. तिने हाताने माप दाखवलं आणि म्हणाली, "एवढी फ्रेम द्या भाई."

"फोटो?" अब्बांनी विचारलं.

"न्हाई. काढलाच न्हाई कधी. आवंदा जत्रंत काढायचा व्हता पोरीचा."

अब्बांनी सवयीने कॅलेंडराकडे हात नेला. "देवाचा घालू का मग?"

"देव नको मला," मावशी म्हणाली.

मी दुकानाच्या पायरीवर बसून हे ऐकत होते. अब्बांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग हळूच विचारलं, "तिचं काही हाय का, ताई? काहीबी?"

मावशीने कमरेची पिशवी उघडून तळहाताएवढा कापडाचा तुकडा काढला. गुलाबी, त्यावर बारीक पांढरी फुलं. फ्रॉक पोरीच्या अंगावर होता, तो तिच्याबरोबरच गेला. पण शिवताना उरलेली चिंधी निलंग्याच्या शिंप्याकडे पडली असेल, हे या बाईला आठवलं होतं आणि तिने ती त्याच्या चिंध्यांच्या ढिगातून शोधून आणली होती.

अब्बांनी पांढऱ्या पुठ्ठ्यावर ते कापड असं बसवलं की एकही फूल कडेला कापलं जाणार नाही. डिंक लावला नाही, चार कोपऱ्यांत खाचा करून अडकवलं. पाठीला खिळे ठोकायची वेळ आली तेव्हा मावशी म्हणाली, "भाई, मला कधी हात लावू वाटला तर?" अब्बांनी हातोडी खाली ठेवली. खिळ्यांऐवजी पत्र्याच्या दोन फिरक्या लावल्या. फिरवल्या की पाठ निघते, कापड हातात येतं. अशी फ्रेम त्यांनी आधी कधी केली नव्हती आणि नंतरही केल्याचं मला आठवत नाही.

त्यानंतर दर वर्षी, गणपती उठले की, मावशी एसटीने लातूरला येऊ लागली. फ्रेम लुगड्यात गुंडाळून आणायची आणि म्हणायची, "काच पुसून द्या भाई." काच आधीच लख्ख असायची. तरी अब्बा ती शांतपणे पुसत आणि तेवढ्यात कुणाला तरी पाठवून मला बोलावून घेत. मी गेले की मावशी म्हणायची, "उभी ऱ्हा बघू." टाचेपासून वेणीपर्यंत मला न्याहाळायची. कितवीत, मार्क किती, जेवतेस का नीट. ओंजळभर भुईमुगाच्या शेंगा माझ्या ओढणीत टाकायची आणि म्हणायची, "वाढलीस." की निघाली.

मला याचा वैताग यायचा. विशेषतः अकरावी-बारावीत. तोवर लातूर क्लासचं गाव झालं होतं. देगलूर, कंधार, कुठून कुठून पोरं ट्रंका घेऊन यायची, आमच्या बोळात घरटी एक खोली त्यांना भाड्याने गेली होती आणि पहाटे नळावर भांडी घासताना लोक पोरांच्या मार्कांवर बोलायचे. दुकानाच्या काउंटरवर आता सोनेरी पट्टीच्या फ्रेमा चढल्या. गळ्यात हार, हातात पेढा, बाजूला सर. अब्बा म्हणायचे, "पयले गेलेल्यांच्या फ्रेमा केल्या, आता पास झालेल्यांच्या करून राहिलो." माझीही एक सोनेरी फ्रेम त्यांनी मनात कापून ठेवली होती. लेक डॉक्टर. मी सकाळचा फिजिक्सचा क्लास बुडवून कुणा बाईपुढे ताठ उभी राहायला धावत यायचं म्हणजे काय, असं मी अम्मीशी भांडायचे. अम्मी म्हणायची, "जा गं, तुझं काय झिजतंय?"

दोनदा परीक्षा दिली, दोनदा नंबर लागला नाही. घरात सुतक पडल्यासारखं झालं. नातेवाईक येऊन सांत्वन करून गेले. त्या वर्षीही मावशी आली. मी रडून डोळे सुजवून उभी राहिले. तिला सगळं सांगितलं अब्बांनी. ती म्हणाली, "नापास झाली तर झाली. तू नुसती वाढ." इतक्या वाईट दिवसांत मला हसू आलं. खेडवळ बाई, हिला परीक्षा काय कळणार, असं वाटलं. पण खरं सांगायचं तर त्या महिन्यात पोटभर जेवले ती त्याच दिवशी.

क्लासने मला एक गोष्ट दिली, इंग्रजी. बेडकाचं हृदय ज्या इंग्रजीत पाठ केलं होतं, तेच पुढे पोटाला कामी आलं. मी गाइड झाले, तीही वेगळ्या माणसांची. ताजमहाल न बघणारे, फक्त प्रदर्शनं बघणारे विदेशी लोक असतात. आजच्या कलावंतांनी काय केलंय ते बघायला देशोदेशी फिरतात. आमच्याकडे लोक उरूस फिरतात तसं. कोचीत बघितलं, मुंबईत बघितलं, आता पुढचं कुठे? मी त्यांच्यासाठी माहितीची पानं लिहिते, गाड्या ठरवते, कुठे पोट बिघडणार नाही ते सांगते. ही माणसं फार शिस्तीची. कलाकृतीसमोर आली की हात आपोआप पाठीमागे बांधतात. हात लावायचा नाही, हे त्यांच्या अंगात भिनलेलं असतं.

काही वर्षांपूर्वी नांदेडमध्ये बंद पडलेल्या एका जिनिंगच्या शेडमध्ये असं प्रदर्शन भरलं. भूकंपातून घराघरांत उरलेल्या वस्तू एका तरुण कलावंताने जमवल्या होत्या. पिचलेली घागर, अर्धा पाट, कुलपाविना किल्ली. माझ्याकडे विदेशी पाहुणे आणायचं काम आलं आणि मला लगेच ती फ्रेम आठवली. त्या वर्षी मावशी दुकानात आली तेव्हा मी मुद्दाम लातूरला गेले. विचारायचा धीर होईना. तिने आधी मला उभं करून पाहिलं, कानावरचा एक केस बोटात धरून म्हणाली, "पांढरा झाला की गं." तिला त्याचं काहीतरी कौतुकच वाटलं. मग मी विचारलं, फ्रेम प्रदर्शनाला नेऊ का.

"ने," ती म्हणाली. "माझ्यामागं तिला कोण वळखणार? चार लोकांनी बघावं, एक पोर व्हती म्हून. तेवढं मातर सांग त्यांना."

"सांगते," मी म्हणाले.

आणि तिथेच घोळ झाला. कलावंताचं म्हणणं असं, की वस्तूंनी स्वतः बोललं पाहिजे. गोष्ट सांगायची नाही, पानात लिहायची नाही. फ्रेमीखाली चिठ्ठी लागली, 'कापड, काच, लाकूड'. मी वाद घातला, पण हातातलं काम होतं, गप्प बसले.

वस्तू बोलली खरी, पण भलतंच. आमच्याकडे कापडाचा तुकडा काचेत असला तर तो दर्ग्याच्या चादरीचा, नाहीतर कुण्या महाराजांच्या शालीचा. दुसरं कापड काचेत घालतं कोण? दुसऱ्या दिवशी शेडच्या वॉचमनने फ्रेमीसमोर उदबत्ती लावली. मग शेजारच्या वस्तीतल्या बायका आल्या. गुलाबाच्या पाकळ्या पडल्या, खडीसाखर आली, काचेवर कुंकवाचं बोट उमटलं. लोक चपला लांब काढून येऊ लागले. कुणी हात जोडी, कुणी दुवा मागे. माझे पाहुणे हरखून गेले. त्यांना वाटलं, हे सगळं मिळूनच कलाकृती आहे. हात पाठीमागे बांधून ते पाकळ्यांकडे कौतुकाने बघत उभे. कलावंत तर खूश होऊन म्हणाला, "बघा, बोलायला लागली!" मी म्हटलं, "हो, पण दुसऱ्याच कुणाबद्दल." त्याने ते ऐकलं नाही.

आणि त्याच दुपारी मावशी आली. अब्बांनी तिला लातूरहून गाडीत बसवून दिलं होतं. नवं लुगडं नेसली होती, केसांना तेल लावलं होतं. शाळेत मुलीचा कार्यक्रम बघायला आई जाते तशी आली होती. मी तिला हाताला धरून आत नेलं.

मावशी थबकली. उदबत्ती पाहिली, हात जोडलेल्या बायका पाहिल्या. "हे काय करायलेत?" तिने मला विचारलं. ती पुढे झाली आणि पदराने काचेवरचं कुंकू पुसलं. वॉचमन धावत आला. "ओ मावशी, हात लावू नका! इथं लिवलंय!"

"माझंच हाय," मावशी म्हणाली. तिने फ्रेम खाली उतरवली, उलटी केली. फिरक्या फिरवल्या. कापड काढून हातात घेतलं.

"देव न्हाई झाली माझी पोर," ती बायकांना म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "पोर व्हती. चिंचेवर चढायची. आज्याला शिव्या द्यायची. भाकरीचा पापुद्रा काढून तेवढाच खायची." मग माझ्याकडे वळली. "ह्यांला सांग."

मी सांगितलं. चिंच सांगितली, शिव्या सांगितल्या, पापुद्र्याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आलं नाही, तर हाताने करून दाखवला. कलावंत खाली मान घालून ऐकत होता. त्याने काही अडवलं नाही.

पाहुण्यांत एक म्हातारी बाई होती, बारीक, पांढऱ्या केसांची. मावशीने कापड तिच्यापुढे धरलं. बाईचे हात पाठीमागेच. तिने घाबरून माझ्याकडे पाहिलं. "घे की," मावशी म्हणाली, "चावत न्हाई." बाईने हात पुढे आणले, तळव्यावर कापड घेतलं आणि अंगठ्याने एका फुलावरून हळूच फिरवलं. मग शेजारच्याला दिलं. एकेक करत सगळ्यांचे हात पाठीमागून पुढे आले. बारशाला बाळ फिरतं तसं ते कापड या हातातून त्या हातात गेलं. खडीसाखर घेऊन आलेल्या बायकाही ओळीत उभ्या राहिल्या. वॉचमनने शर्टाला हात पुसून घेतले आणि मग घेतलं.

शेवटी ते माझ्याकडे आलं. इतकी वर्षं ते आमच्या दुकानात येत-जात होतं, पण माझ्या आणि त्याच्यामध्ये कायम काच होती. किती मऊ होतं ते. मला एकदम रडू आलं आणि मी ते आवरलंही नाही.

कापड परत मावशीच्या हातात गेलं तेव्हा त्या म्हाताऱ्या बाईने विचारलं, ती आज असती तर केवढी असती? मी मराठीत विचारलं. मला वाटलं, मावशी बोटं मोजेल.

तिने मोजली नाहीत. माझ्याकडे बोट केलं.

"हिच्याएवढी," ती म्हणाली. "दरसाली बघून येते न्हवं मी. आता केस पिकायलेत तिचे."

लख्ख काच पुसत बसणारे अब्बा माझ्या डोळ्यांपुढे आले. क्लासमधून मला बोलावून आणायला ते कुणाला ना कुणाला पाठवत आले होते. त्यांना हे पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, मी काय सांगते म्हणून. सांगणं माझंच काम. मी डोळे पुसले, छातीवर हात ठेवला आणि इंग्रजीत म्हणाले, "माझ्याएवढी." आणि त्यांना नीट दिसावं म्हणून ताठ उभी राहिले.