विल्सनच्या वहीतले साहेब

“यातलं एक अक्षर मला कळत नाही, म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे,” राऊतसाहेब म्हणाले आणि वही माझ्यापुढे टाकली.

राऊत कामणच्या एका गोडाऊनचे मॅनेजर. महिनाभर माल गायब होत होता आणि विल्सन नावाच्या कर्णबधिर लोडरच्या पिशवीत ही वही सापडली होती. विल्सन पाचूबंदरचा, आमच्या कर्णबधिरांच्या शाळेचा जुना विद्यार्थी. मी त्याची शिक्षिका, त्यामुळे दुभाषी म्हणून मला बोलावलं होतं. दाराशी त्याची आई उभी होती.

“मॅडम, याच्याशिवाय घरात कमावनारा कोन नाय,” ती मला हळूच म्हणाली.

वही उघडली आणि जीव भांड्यात पडला. ही खुणांच्या भाषेची लिपी. एका वर्कशॉपमध्ये आम्ही दोघंही ती शिकलो होतो. गोल म्हणजे चेहरा. चौकोन म्हणजे मूठ, त्यातून निघालेली रेघ म्हणजे उघडलेलं बोट. बाण म्हणजे हालचाल. मराठी वाक्यं लिहिताना विल्सन रडकुंडीला यायचा, हे मात्र झरझर लिहायचा.

“रोजची कामं आहेत. कुठला माल कुठल्या गाडीत चढवायचा ते.”

“तुम्ही त्याच्याच शाळेच्या. तुम्ही असंच सांगणार.”

राग आला, पण मुद्दा चूक नव्हता. मी म्हटलं, “मी बाहेर जाते. तुम्ही त्याच्यासमोर काहीही करा. तो लिहील, मी येऊन वाचते.”

पाच मिनिटांनी आत येऊन वाचलं. “छत्री उघडली. मिटली. पंखा बंद केला.”

“खिडकीतून बघितलं असेल,” राऊत म्हणाले. मग त्यांनी एका खुणेवर बोट ठेवलं. “हा प्रत्येक पानावर आहे. कोण हा? माल यालाच जातो ना?”

गोल चेहरा, नाकाशी बोट, शेजारी फिरणारा बाण. कर्णबधिर माणसं प्रत्येकाला खुणेचं एक नाव ठेवतात, रूपावरून किंवा सवयीवरून. विल्सन डोळ्यांनीच मला विनवत होता. ‘साहेब’ असं सांगून मोकळं व्हावं, असं फार वाटलं. पण दुभाष्याने पदरचं काही घालायचं नसतं.

“ते तुम्ही आहात. तुम्ही नाकात बोट घालता, म्हणून.”

विल्सनच्या आईने कपाळावर हात मारला. राऊतांचे कान लाल झाले. त्यांनी वही मिटून विल्सनला दिली.

“माणूस सोडवायला आलेलं कोणी असलं खोटं रचणार नाही,” ते म्हणाले. “कामाला लाग म्हणावं त्याला.”

माल कोण नेत होतं, ते मला कधी कळलं नाही. विल्सन तिथे आणखी सात वर्षं होता. मी मात्र तेव्हापासून कोणाचंही बोलणं गोड करून सांगत नाही. त्या दिवशी मी ‘साहेब’ म्हटलं असतं, तर त्याची नोकरी गेली असती.