तिसरं शील

गंगाखेडच्या स्टँडवर औरंगाबादची एसटी लागली तेव्हा आईनं भाकरीचं गाठोडं माझ्या हातात कोंबलं आणि कानाशी येऊन म्हणाली, "कुणी इचारलं तर मामीच्या बाळंतपणाला जायलेय म्हण." मामीचं शेवटचं लेकरू तेव्हा शाळेत जात होतं! खोटं बोलायचंही आईला धड जमत नव्हतं. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं.

राणीसावरगावच्या आमच्याच वस्तीतल्या, नात्यानं काका लागणाऱ्या माणसानं दुष्काळी कामावरून परतताना मला ओढ्यात गाठून जबरदस्ती केली होती. मी एकोणीस वर्षांची होते. आईला त्याच दिवशी सांगितलं. तिनं विश्वास ठेवला. बाबांनीही ठेवला, पण म्हणाले, "आपल्यातलं भायेर गेलं तर गाव आपल्यावरच थुकंल." धम्म घेतल्यापासून आम्ही कुठं चुकतो याची गाव वाटच बघत होतं, हे खरंच होतं. मग चोर सोडून संन्याशाला फाशी. तो राहिला, मी निघाले. मला वाचवायला धाडलं की लपवायला, हे तेव्हा कळलं नाही. आजही कळत नाही.

निघण्याआधीच्या पौर्णिमेला मी विहारात गेले होते. विहार म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि चटया. तो पहिल्या रांगेत. पंचशील म्हणताना तिसऱ्या शिलाला, 'कामेसु मिच्छाचारा'ला, सगळ्यांत खणखणीत आवाज त्याचाच. पाली आम्हाला तोंडपाठ, पण वासनेपोटी गैरवर्तन करणार नाही हा त्याचा अर्थ कुणी विचारत नसे. त्यानंतर कुणीही पंचशील म्हणू लागलं की मला त्याचाच आवाज ऐकू यायचा.

औरंगाबादला नर्सिंगला लागले. हॉस्टेल, ड्यूटी, पांढरी साडी. वॉर्डात मार लागलेल्या बायका यायच्या. सोबतची माणसं सांगायची, पायरीवरून पडली. मी त्यांना चहाला पिटाळायची, पडदा ओढायची आणि त्या बाईला म्हणायची, "सांगायचं असेल तर सांग. नसेल तरी मी बसते." हे मला कुणी म्हटलं नव्हतं. मग मी शिकले कुठून, कोण जाणे.

चार वर्षांनी वैशाखी पौर्णिमेला गावी गेले. वंदनेला विहारात जायला पाय उचलत नव्हता, तरी गेले. तिसरं शील झालं आणि सखूआत्या, बाबांची थोरली बहीण, उभी राहिली. "थांबा. बाप्यांनो, आता हे मराठीत म्हणा." आणि पुरुष खाली बघत म्हणाले, कुणा बाईवर जबरदस्ती करणार नाही, कुणी केली तर गप्प बसणार नाही. बाबासुद्धा!

तो मात्र नव्हता. आईनं आत्याला सगळं सांगितलं होतं, आणि मी गेल्यानंतरच्याच पौर्णिमेला आत्यानं त्याला हेच मराठीत एकट्यानं म्हणायला लावलं होतं. त्याला जमलं नाही, तेव्हापासून तो फिरकला नाही, असं आई कुजबुजली. ओढ्याकडं आता पोरी घोळक्यानं जातात, हेही तिनंच सांगितलं. पण तो तिथंच शेत करतो, बाजारात हिंडतो. ही शिक्षा की नुसती सोय? मला राग आला, आणि आत्याचे पाय धरावेसेही वाटले.

"माझं नाव सांगितलं का?" मी विचारलं.

"न्हाई. घ्यायचं तर तिचं तीच घेईल, म्हणली आत्या. आत्याच्या बाजूला तुझी जागा आमी मोकळी ठिवतो दर येळी."

चटईवर आत्याशेजारी खरंच जागा होती. मी तिथं गेले, पण बसले नाही. उभ्यानंच माझं नाव घेतलं, मग त्याचं. आवाज फाटला. बाबांची मान खालीच होती, पण ते उठून गेले नाहीत. कुणीच गेलं नाही. आत्या म्हणाली, "बस बाई आता," आणि वंदना चौथ्या शिलापासून पुढं सुरू झाली.

तिथं राहिलेल्या आणि माझ्यासारख्या निघून आलेल्या बायांनो, गाव माझं आहे का, विचाराल तर मला सांगता येणार नाही. ती चटईवरची जागा माझी आहे.