अनवाणी आप्पा आणि आमचा वजनकाटा

आप्पा ट्रक चालवायचे ते अनवाणी. खाली उतरले की पायात चपला, गाडीत चढले की चपला सीटखाली. मे महिन्यात जुन्या गाडीच्या केबिनचा पत्रा असा तापतो की बूट घातलेला माणूससुद्धा पाय उचलून धरतो. आप्पा मात्र तळवे टेकून निवांत बसलेले असायचे. शिरूर-दौंड रस्त्यावरच्या वजनकाट्यावर मी नोकरीला लागले, त्या पहिल्याच आठवड्यात हे माझ्या नजरेत भरलं, आणि मला चैन पडेना. दुसऱ्याच्या चपलांची चौकशी करायचं मला काही कारण नव्हतं. पण काट्यावरचं काम म्हणजे काय, तर भरलेली गाडी लोखंडी फलाटावर उभी राहते, पडद्यावर आकडा येतो, आपण पावती छापायची. एवढ्यानं डोक्याला काम पुरत नाही. मग डोकं नसती उठाठेव करतं.

शेजारच्या चहाच्या टपरीवर मी चौकशी केली. एक जण म्हणाला, नवस आहे. दुसरा म्हणाला, गाडीला लक्ष्मी मानतात. तिसऱ्यानं सांगितलं, "सासऱ्यानं चपला दिल्या न्हाईत लग्नात, तवापासनं रुसलाय." आप्पा तिथंच बिनसाखरेचा चहा फुंकत बसले होते. तेही सगळ्यांबरोबर हसले, पण खरं काय ते बोलले नाहीत.

आप्पांची दुसरी खोड याहून विलक्षण होती. गाडी फलाटावर घेतली की इंजिन बंद करून ते खिडकीतून मला ओरडून सांगायचे, "पोरी, पंधरा सातशे!" म्हणजे गाडीसकट पंधरा टन सातशे किलो. मग मी पडद्याकडे बघायचे. पंधरा सातशे वीस. कधी सहाशे ऐंशी. यापेक्षा जास्त फरक तोवर मी कधी पाहिला नव्हता. खताची पोती असली तर मोजून सांगता येईल, पण पाबळकडचा कांदा, मका, मोडीचं लोखंड, सगळ्याचं वजन त्यांना आधीच ठाऊक असायचं. मी कॉमर्सची पदवीधर, माझ्यापुढे लाखमोलाचं यंत्र, आणि हे गृहस्थ माझ्या आधी उत्तर देऊन मोकळे. मला राग यायचा आणि दुसऱ्या दिवशी मीच त्यांच्या गाडीची वाट बघायचे.

"आप्पा, कळतं कसं तुम्हाला?" मी दर दोन दिवसांनी विचारायचे. उत्तरं दर वेळी वेगळी. एकदा म्हणाले, मागच्या स्प्रिंगच्या पाट्या किती दबल्यात ते बघून. एकदा म्हणाले, चढाला गिअर कितवा पडला त्यावरून. शेवटी एका दुपारी गर्दी नव्हती तेव्हा खरं बोलले. "आमचा बा मेंढरं राखायचा. बाजारात मेंढरू नुसतं उचलायचा आन् वजन सांगायचा. मला काय गाडी उचलता येती व्हय? म्हून मी पायाला इचारतो. भरलेली गाडी पॅडलातनं येगळी थरारती, रिकामी येगळी. मधी चपलीचं कातडं आलं, का मग कळत न्हाई."

टपरीवर जुन्या ड्रायव्हरांची बैठक बसली की आप्पांना कंठ फुटायचा. पुढं लांब नाक असलेल्या गाड्या, सुताराकडून बांधून घेतलेली लाकडी केबिन, वळण घेताना दोन्ही हातांनी लोंबकळावं लागणारं स्टिअरिंग, प्रत्येक गिअरला दोनदा दाबायचा क्लच. एक जण म्हणायचा त्या गाड्या म्हणजे सोनं, दुसरा म्हणायचा माझी कंबर गेली त्या सोन्यात. आप्पांचा निकाल ठरलेला असे. "वाईटच व्हत्या. पर खोटं बोलत नव्हत्या."

पहिल्या वर्षाच्या कांद्याच्या हंगामात एका सकाळी काट्यावर गाड्यांची रांग लागली होती. आप्पा नववे. त्यांनी खिडकीतून सांगितलं, "पंधरा नऊशे." पडद्यावर आले पंधरा चारशे. मला, खरं सांगते, आनंद झाला. एकदाचे चुकले! मी हसत पावती पुढे केली. आप्पांनी ती घेतली नाही.

"काटा चुकतोय."

"आप्पा, काटा डिजिटल आहे."

"असू दे की. मी गाडी जरा पुढं घेतो, परत आकडा बघ. मग मागं घेतो, तवा बघ."

मागून हॉर्नचा गदारोळ सुरू झाला. आप्पांनी आधी फलाटाच्या दौंडकडच्या टोकाला गाडी नेली, मग शिरूरकडच्या. एकच गाडी, आणि दोन टोकांना सातशे किलोंचा फरक. मग ते उतरले, चपला घातल्या, फलाटाच्या कडेला ओणवे झाले आणि खाचेत पहार घातली. चिखल आणि कांद्याच्या पाल्यात घट्ट रुतलेला मुठीएवढा दगड निघाला. फलाट त्याच्यावर टेकला होता आणि थोडं वजन तो दगडच उचलत होता.

मी मालकांना फोन लावला. ते म्हणाले, "दगड निघाला ना? झालं तर मग. गेलेल्या पावत्या गेल्या. बोभाटा करू नकोस." सकाळपासून आठ गाड्या माझ्या सहीनं गेल्या होत्या. आठ शेतकऱ्यांचा कांदा कागदावर कमी झाला होता. मी आप्पांकडे पाहिलं. वाटलं, ते म्हणतील, जाऊ दे पोरी, नोकरी सांभाळ.

आप्पा पहार पुसत म्हणाले, "आत्तापातुर चूक दगडाची व्हती. आता गप बसलीस तर तुझी."

मी आठही फोन केले. पाच गाड्या वाटेतून परत आल्या, तिघांना काटा चुकल्याचं पत्र लिहून दिलं. मालक महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. नंतर तेच गिऱ्हाइकांना ऐटीत सांगू लागले, "आमच्याकडं चूक झाली तर आम्ही स्वतः फोन करतो." तेव्हापासून रोज सकाळी खाच साफ केल्याशिवाय मी पहिली गाडी घेत नाही.

गेल्या हिवाळ्यात आप्पा मका भरून आले. ओरडले, "चौदा आठशे!" पडद्यावर होते पंधरा नऊशे. अकराशे किलोंचा फरक. मी बाहेर पळाले. खाच स्वच्छ होती. गाडी पुढे घ्यायला लावली, मागे घ्यायला लावली. पंधरा नऊशे. पंधरा नऊशे. काटा चोख होता.

आप्पा खिडकीतून बघत होते. "किती आलं, पोरी?"

माझ्या जिभेवर आलं होतं, चौदा आठशे पन्नास. पावतीवर खरा आकडा छापायचा आणि तोंडानं त्यांना हवा तो सांगायचा, कुणाचं काय बिघडणार होतं? म्हातारं माणूस खूश झालं असतं. या माणसाला खोटं पाडायला मीच का उरले होते, याचा मला फार राग आला. पण त्यांच्यासमोर मला खोटं बोलता येईना.

"आप्पा, पंधरा नऊशे. तुम्ही चुकलात. मी तिन्हीकडून बघितलं."

आप्पांनी इंजिन बंद केलं.

"दोन म्हैनं झालं," ते म्हणाले, "तळवं बधिर झाल्यात. शुगर पायात उतरली असंल. मला वाटायचं, मनाचं खेळ हायती. घरी सांगितलं तर गाडी काढून घेतील. डॉक्टर वळखीचा, तो बी गोड बोलंल. म्हनलं, काट्यावरच्या पोरीला इचारावं."

"आप्पा, ब्रेक..."

"त्येच की. अकराशे किलो कळंना ज्या पायाला, त्याला ब्रेक तरी किती दाबलाय ते काय कळायचं? पुढं एखादं लेकरू आलं मंजी?" त्यांनी चावी काढून माझ्या हातात दिली. "शिरूरला फोन लाव. पुतण्याला बोलीव. म्या हितनं पुढं एक फूट बी न्हेनार न्हाई."

पुतण्या स्वतः दहा वर्षं ट्रक चालवणारा. तो मोटरसायकलवर कुणाच्या तरी मागे बसून येईपर्यंत तासभर गेला. गाडी फलाटावरच उभी होती, काटा बंद, मागे अकरा गाड्यांची रांग. आधी हॉर्न वाजले. मग एकेक ड्रायव्हर विचारायला पुढे आला आणि कळल्यावर आपल्या गाडीत जाऊन बसला. नंतर एकही हॉर्न वाजला नाही. मी खोलीत जाऊन पोटभर रडले आणि तोंड धुऊन बाहेर आले. मालकांचा फोन वाजत होता. मी उचलला नाही.

पुतण्या आला, माझ्याकडून चावी घेऊन स्टिअरिंगवर बसला. आप्पा गाडीला वळसा घालून क्लीनरच्या बाजूनं वर चढले. त्यांना तिकडची पायरी सापडेना, म्हणून मी हात दिला. दार ओढून घेतल्यावर ते काचेतून समोर बघत राहिले. डोळ्यांत पाणी असेल म्हणून मी नजर वर करायला धजत नव्हते. पण आप्पा नव्या गावाला आलेल्या माणसासारखे इकडून तिकडे मान वळवून बघत होते.

"पस्तीस वर्सं ह्योच रस्ता," ते मला म्हणाले, "आन् या बाजूला कवा बसलोच न्हाई बघ. इकडची झाडं कुठली हायती, ते आज बघतो."